तोफा आणि थकबाकी

माझी भाची पुण्यात वकिली करते. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा तिने आपला बायोडाटा माझ्यापुढे ठेवला. मामाने आयुष्यभर बँकेत कागद तपासले, तेव्हा चूक असेल तर त्याच्या नजरेतून सुटणार नाही, असा तिचा समज. कागद नीटनेटका होता. कायद्याची पदव्युत्तर पदवी, मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय लवादाचा एक अभ्यासक्रम आणि सगळ्यांत शेवटी स्पॅनिश भाषेची परीक्षा. हे स्पॅनिश कशाला, म्हणून मी विचारलं. दक्षिण अमेरिकेतली सरकारं आणि परदेशी कंपन्या यांची भांडणं लवादापुढे फार येतात मामा, तिथे ही भाषा उपयोगी पडते, असं तिने मला समजावलं.

मग मी तिला द्रागो ठाऊक आहे का, असं विचारलं. नाव तिने तत्काळ ओळखलं. द्रागो सिद्धान्त, १९०२. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात टीप लिहायला येतो. पण द्रागो हा माणूस कोण, कुठला, काय शिकलेला, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. स्पॅनिश बोलणारा वकील आणि आंतरराष्ट्रीय लवाद या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कुणी येतच नाही. त्याचा बायोडाटा मी तिला त्या संध्याकाळी तोंडी सांगितला. तोच आज इथे लिहितो आहे.

द्रागोची आणि माझी गाठ पडली ती वसुलीच्या निमित्ताने. १९८७ साली मी एका दुष्काळी तालुक्यात फील्ड ऑफिसर होतो. मार्चअखेर जवळ आली होती. एका शेतकऱ्याने विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज घेतलं होतं आणि त्याचे तीन हप्ते थकले होते. माणूस कर्ज नाकारत नव्हता. पाऊस पडू द्या साहेब, देतो, एवढंच म्हणत होता. आठवडी बाजाराच्या दिवशी मी वसुलीची जीप नेऊन त्याच्या दारात उभी केली आणि तासभर तशीच ठेवली. जीपवर बँकेची पाटी. आम्ही कुणी काही बोललो नाही, बोलायची गरजही नव्हती. बाजाराला निघालेलं सगळं गाव त्या दारावरून जात होतं. पंधरा दिवसांत तो शाखेत आला, सगळं कर्ज रोखीने भरलं आणि खातं बंद करून गेला. त्यासाठी त्याने बैलजोडी विकली होती, हे मला नंतर कळलं. शाखेला वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात माझं नाव होतं.

पुढच्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी गेलो असताना तिथल्या ग्रंथालयात देशांनी घेतलेल्या कर्जांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं. सहज चाळताना व्हेनेझुएलाचं प्रकरण उघडलं. बंदरासमोर परदेशी लढाऊ जहाजं उभी होती, आणि कारण काय, तर थकबाकी. त्या जहाजांच्या जागी मला माझी जीप दिसायला लागली. त्याच प्रकरणात द्रागोचं नाव होतं.

असो. आधी माणूस.

लुईस मारिया द्रागोचा जन्म ६ मे १८५९ चा, ब्वेनोस आयरेस शहरातला. कायदा तो तिथल्याच विद्यापीठात शिकला. तरुणपणी वर्तमानपत्रात काम केलं, मग न्यायाधीश झाला, पुढे सरकारी वकील. म्हणजे खटला ही वस्तू त्याने बातमीदाराच्या बाकावरून, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून आणि सरकारी वकिलाच्या टेबलावरून, अशी तिन्हीकडून पाहिली होती. १८८८ साली त्याने गुन्हेगारांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण सावजावर झडप घालणारी माणसं, असा होतो. त्या काळी इटलीतल्या लोम्ब्रोसो या डॉक्टरच्या मताचा फार बोलबाला होता. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीच्या नि जबड्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असं ते मत. द्रागोवर त्याची छाप होती. पुस्तकाचं इटालियन भाषांतर झालं आणि लोम्ब्रोसोने त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे ते सगळं शास्त्रच टाकाऊ ठरलं. चरित्रकार असल्या गोष्टी चटकन उरकून टाकतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. चेहरा पाहून माणसाची पत ठरवणारे अधिकारी मी बँकेतही पाहिले आहेत, आणि काही दिवस मीही त्यांच्यातलाच होतो. द्रागो तिथून निघून कुठे पोचला, हे पाहण्यासारखं आहे.

त्याच्या तरुणपणीचा अर्जेंटिना म्हणजे कर्जावर धावणारा देश. गहू, मांस, लोकर भरभरून पिकत होती, युरोपातून माणसं बोटी भरभरून येत होती, आणि रेल्वे, बंदरं, नळ, गटारं यांच्यासाठी लंडनहून पैसा येत होता. व्याज भरायला पुन्हा कर्ज, असा खेळ सुरू झाला. बँकेतल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लंडनच्या बेअरिंग ब्रदर्स या जुन्या नामांकित पेढीने अर्जेंटिनाचे रोखे आपल्या अंगावर घेऊन ठेवले होते. ब्वेनोस आयरेसच्या पाणीपुरवठा आणि गटार कंपनीचे रोखे तर खपेचनात. नोव्हेंबर १८९० मध्ये पेढी बुडायच्या बेताला आली. बँक ऑफ इंग्लंडने बाकीच्या बँकांना एकत्र करून हमीचा निधी उभा केला, तेव्हा ती वाचली. तिकडे ब्वेनोस आयरेसमध्ये राष्ट्राध्यक्षाला आधीच ऑगस्टमध्ये पायउतार व्हावं लागलं होतं, बँका कोसळल्या, आणि पुढची काही वर्षं सावकारांशी तडजोडी करण्यात गेली. द्रागो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. थकबाकीदार देशात राहणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ऑगस्ट १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुलिओ रोका यांनी त्याला परराष्ट्रमंत्री नेमलं. वय त्रेचाळीस. त्या खुर्चीवर बसल्यानंतर पहिल्या काही महिन्यांतच लवादाचा एक मोठा निवाडा त्याच्या समोर झाला. अँडीज पर्वतातल्या सीमेवरून अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या तयारीला लागले होते. दोघांनीही परदेशात लढाऊ जहाजं बांधायला टाकली होती. मे १९०२ मध्ये दोन्ही देशांनी करार करून हात आवरला. सीमेचा वाद ब्रिटनच्या राजाकडे सोपवलेला होता. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करण्याचं काम मिळालं सर टॉमस होल्डिच या लष्करी अधिकाऱ्याला. हे गृहस्थ आपल्या ओळखीचे निघतात. त्यांची बहुतेक हयात हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यात, वायव्य सरहद्दीचे डोंगर मोजण्यात गेली होती. २० नोव्हेंबर १९०२ रोजी राजे सातवे एडवर्ड यांनी निवाडा दिला आणि तो दोन्ही देशांनी मानला. अर्जेंटिनासाठी इटलीत बांधली जात असलेली दोन जहाजं जपानने विकत घेतली. १९०४ च्या मार्चमध्ये त्या सीमेवर, अँडीजच्या खिंडीत, येशूचा ब्राँझचा मोठा पुतळा उभा राहिला. तोफा वितळवून त्याचा धातू मिळवला, असं सांगतात.

त्या निवाड्याला महिनाही झाला नव्हता, तोच खंडाच्या दुसऱ्या टोकाला तोफा वाजल्या.

व्हेनेझुएलात सिप्रियानो कास्त्रो या लष्करी पुढाऱ्याने १८९९ मध्ये सत्ता घेतली होती. देशात बंडाळी चालू होती. तिजोरी रिकामी होती. ब्रिटिश रोखेधारकांचं व्याज थकलं होतं, जर्मन रेल्वे कंपनीला दिलेल्या हमीचे पैसे थकले होते, शिवाय यादवीत ज्या परदेशी लोकांचं नुकसान झालं त्यांचे दावे होते. कास्त्रोने सरळ हात वर केले. हा माणूस काही गरीब बिचारा कर्जदार नव्हता, आणि त्याला तसा रंगवायचं मला कारण नाही. ९ डिसेंबर १९०२ रोजी ब्रिटिश आणि जर्मन आरमाराने व्हेनेझुएलाची चिमुकली लढाऊ जहाजं पकडली, त्यांतली काही बुडवली. १३ तारखेला पुएर्तो काबेयो बंदराच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. इटलीही येऊन मिळाली आणि बंदरांची नाकेबंदी सुरू झाली. व्हेनेझुएलाचं सरकारी उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात. बंदर बंद म्हणजे गल्लाच बंद.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १८६१-६२ मध्ये कर्जवसुलीच्याच निमित्ताने फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेन यांची गलबतं मेक्सिकोला गेली; बाकीचे दोघे परतले, फ्रान्स राहिला आणि त्याने तिथे एक परका सम्राट बसवला. इजिप्तने १८७६ मध्ये हप्ते थांबवले, सावकारांचे प्रतिनिधी त्याच्या तिजोरीवर येऊन बसले, आणि १८८२ मध्ये ब्रिटनने देशच ताब्यात घेतला. त्या मोहिमेला हिंदुस्थानातूनही पलटणी गेल्या होत्या. वसुलीला आलेला माणूस ओसरीवर बसतो, मग माजघरात येतो, आणि एक दिवस घर त्याच्या नावावर होतं. ब्वेनोस आयरेसला हे सगळं ठाऊक होतं.

२९ डिसेंबर १९०२ रोजी द्रागोने वॉशिंग्टनमधले आपले वकील मार्तीन गार्सिया मेरू यांना एक पत्र पाठवलं, अमेरिकेच्या सरकारला देण्यासाठी. हेच ते प्रसिद्ध टिपण. लोकांची समजूत अशी, की त्यात कर्जदारांची बाजू घेऊन सावकारांना शिव्या दिल्या असतील. तसं काही त्यात नाही. एखाद्या अनुभवी बँक अधिकाऱ्याने कर्जप्रकरणावर शेरा लिहावा, तसं ते आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. परक्या देशाला कर्ज देणारा भांडवलदार आंधळेपणाने देत नाही. त्या देशाचं उत्पन्न किती, आधीची देणी किती, राज्य स्थिर आहे की डळमळीत, हे सगळं तो पाहतो, आणि त्यावरूनच व्याज ठरवतो. धोका जास्त तर व्याज जास्त, सूट जास्त. शिवाय हेही त्याला पक्कं माहीत असतं की समोरचा सार्वभौम देश आहे. कोर्टाचा बेलिफ पाठवून त्याची जप्ती करता येत नाही. हे सगळं जोखून, त्याची किंमत आधीच वसूल करून जो व्यवहार करतो, त्याला नंतर तोफा मागवण्याचा हक्क उरत नाही. देशाने कर्ज मान्य केलं पाहिजे आणि ते फेडलंही पाहिजे. द्रागो हे स्पष्ट लिहितो. पण कधी आणि कसं फेडायचं हे ठरवायला त्या देशाला अवसर हवा. सरकारी कर्जासाठी अमेरिका खंडातल्या कुठल्याही देशावर युरोपीय सत्तेने सशस्त्र चाल करू नये, त्याची जमीन तर मुळीच व्यापू नये. त्याची मागणी एवढीच होती.

आपल्याकडे हाच प्रश्न सावकार आणि कुणबी यांच्यात पंचवीस वर्षं आधी पेटला होता. १८७५ मध्ये सुप्याला आणि भोवतालच्या गावांत सावकारांच्या वह्या जळल्या, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. त्याच कायद्याने सलोखा घडवणारे पंचही नेमले. कर्ज खरं, पण वसुलीचा हा मार्ग नव्हे, ही भाषा इंग्रज सरकारला इथे कळत होती. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर कळत नव्हती.

ते टिपण वाचल्यावर मी शाखेत परत गेलो तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर त्या शेतकऱ्याची बंद झालेली फाइल रेकॉर्डमधून काढली. कर्ज मंजूर करताना विहिरीची पाहणी मीच केली होती. फेब्रुवारीत गेलो होतो, विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. पाण्याची उपलब्धता समाधानकारक, असा शेरा माझ्या हस्ताक्षरात होता. मे महिन्यात त्या विहिरीचं काय होतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. उद्दिष्ट पूर्ण व्हायला दोन प्रकरणं कमी पडत होती. म्हणजे धोका जोखण्याचं काम माझं, ते चुकवलं मी, आणि जीप मात्र त्याच्या दारात. द्रागोचं टिपण मला कायद्याचा सिद्धान्त म्हणून कधी वाचताच आलं नाही, ते यामुळे.

टिपणाचं पुढे काय झालं? सुरुवातीला फारसं काही नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी फेब्रुवारी १९०३ मध्ये सौम्य आणि गुळमुळीत उत्तर दिलं. गैरवर्तन करणाऱ्या देशाला शिक्षेपासून वाचवण्याची हमी आम्ही घेतलेली नाही, असा त्याचा सूर. व्हेनेझुएलाने त्याच महिन्यात तडजोड केली. ला ग्वायरा आणि पुएर्तो काबेयो या दोन बंदरांच्या जकातीतला तीस टक्के हिस्सा देणी फेडायला बाजूला काढायचा ठरलं. दावे तपासायला काराकासमध्ये संयुक्त आयोग बसले, आणि त्यांनी मंजूर केलेली रक्कम मागणीपेक्षा पुष्कळच कमी निघाली. तोफा डागताना आकडा कुणी तपासला नव्हता.

मग प्रश्न आला, त्या तीस टक्क्यांतून आधी पैसे कुणाला? ज्यांनी जहाजं पाठवली त्यांना, की अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम यांच्यासारख्या मुकाट्याने थांबलेल्या धनकोंनाही त्यांच्याबरोबर? हा वाद हेगच्या लवादाकडे गेला. २२ फेब्रुवारी १९०४ रोजी निवाडा झाला: नाकेबंदी करणाऱ्या तिघांचा हक्क पहिला. लवादाने कायद्याच्या अंगाने कारणं दिली, पण बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो, की जो दारात जीप लावेल त्याचा बोजा पहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीर केलं, की असल्या देशांना शिस्त लावायचं काम यापुढे आम्हीच करू, आणि पुढच्या वर्षी डोमिनिकन प्रजासत्ताकाची जकात अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हातात गेली. द्रागोने युरोपची जीप हलवायला सांगितली होती; तिथे अमेरिकेची येऊन उभी राहिली.

द्रागो तोवर मंत्रिपदावरून गेला होता. पण टिपण गेलं नाही. जॉन हे यांच्यानंतर आलेले परराष्ट्रमंत्री एलिह्यू रूट हे न्यूयॉर्कचे नाणावलेले वकील. १९०६ मध्ये ते दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर आले आणि हा प्रश्न हेगच्या शांतता परिषदेपुढे न्यायचं ठरलं. १९०७ च्या उन्हाळ्यात ती दुसरी परिषद भरली, चव्वेचाळीस देश जमले, आणि अर्जेंटिनाच्या शिष्टमंडळात द्रागो होता. अमेरिकेच्या वतीने होरेस पोर्टर यांनी ठराव मांडला: कराराच्या कर्जासाठी बळाचा वापर करू नये, मात्र कर्जदार देशाने लवादाला नकार दिला, किंवा टाळाटाळ केली, किंवा निवाडा मानला नाही, तर ही बंदी उठेल.

द्रागोला हे अपवाद पसंत नव्हते. त्याने दोन प्रकारची देणी वेगळी काढली. एखाद्या कंत्राटदाराचे पैसे सरकारने बुडवले, तर त्याने आधी त्या देशाच्या कोर्टात जावं, तिथे न्याय नाकारला गेला तर मग लवादाकडे यावं. पण बाजारात विकलेले सरकारी रोखे ही निराळी गोष्ट. ते कुणीही घेतो, कुणालाही विकतो, भाव चढतो-उतरतो, आणि त्या चढउतारातच धोक्याची किंमत असते. त्यांच्यासाठी बळाचा वापर कधीच नाही, लवाद मानो वा न मानो. या आपल्या हरकती नोंदवूनच अर्जेंटिनाने १८ ऑक्टोबर १९०७ च्या त्या करारावर सही केली. तोफ पेटीत गेली खरी, पण पेटीची किल्ली धनकोच्या खिशात राहिली, हे त्याने ओळखलं होतं. तरीही राष्ट्रांनी युद्धाचा एक प्रकार लिहून मर्यादित करण्याची ती जवळजवळ पहिलीच वेळ, आणि तिच्या मुळाशी एका थकबाकीदार देशाच्या मंत्र्याचं टिपण होतं.

आता मी भाचीला सांगितलेल्या मुख्य गोष्टीकडे येतो. लवादासाठी लागणारी पात्रता म्हणजे काय?

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचं एक भांडण जवळजवळ शतकभर चिघळत होतं. मूळ करार १८१८ सालचा. १९१० मध्ये ते हेगच्या लवादाकडे गेलं. पाच जणांचं न्यायपीठ: एक अमेरिकेचा, एक कॅनडाचा सरन्यायाधीश, आणि तीन तटस्थ. अध्यक्ष ऑस्ट्रियाचे लामाश, दुसरे हॉलंडचे लोमान, आणि तिसरा द्रागो. आठ वर्षांपूर्वी ज्या ब्रिटनच्या तोफांविरुद्ध त्याने लेखणी उचलली होती, त्या ब्रिटनने त्याला आपला न्याय करायला मान्यता दिली. ज्या अमेरिकेच्या ठरावावर त्याने हरकत नोंदवली होती, त्या अमेरिकेनेही. अमेरिकेच्या वतीने वकील म्हणून उभे राहिले ते एलिह्यू रूटच.

त्याला कुठलीच बाजू नव्हती म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. बाजू त्याला होती, आणि ती साऱ्या जगाला माहीत होती. पण आपली बाजू मांडताना त्याने समोरच्याचं खरं असलेलं काही दडवलं नव्हतं. कर्ज आहे, ते फेडलं पाहिजे, हे त्याने आधी लिहिलं आणि मग तोफांचं बोलला. पुढे मी लोकअदालतीत बँकेच्या वतीने अनेक वर्षं बसलो. तिथे पॅनेलवरच्या काही माणसांपुढे दोन्ही पक्ष चटकन मोकळे होत, काहींपुढे नाही. पदव्या सारख्याच असत.

जूनपासून ऑगस्टपर्यंत सुनावणी चालली आणि ७ सप्टेंबर १९१० रोजी निवाडा आला. प्रश्न सात होते. त्यांतल्या पाचव्या प्रश्नावर द्रागो एकटा वेगळा पडला. प्रश्न असा, की किनाऱ्यापासून, उपसागरांपासून तीन सागरी मैल, हे अंतर नेमकं कुठून मोजायचं? चौघांनी सांगितलं, उपसागराचा आकार जिथे संपतो तिथे आडवी रेघ मारून तिथून मोजा. ते व्यवहारात जमणार नाही हे त्यांनाही जाणवलं असावं, म्हणून तोंड दहा मैलांपेक्षा रुंद असेल तर आत जिथे रुंदी दहा मैल भरेल तिथे रेघ धरावी, अशी शिफारस त्यांनी जोडली. द्रागोचं म्हणणं, की आकार कुठे संपतो हे कोण ठरवणार? ज्याचं उत्तर मागायला दोन देश इथवर आले, तोच प्रश्न तुम्ही त्यांना परत देता आहात. दहा मैलांचा नियम योग्य असेल तर तो निवाड्यात घाला. शिफारस म्हणजे निवाडा नव्हे. समुद्रावर जाळं टाकणाऱ्याला आपण हद्दीत आहोत की बाहेर, हे कळलं पाहिजे, असा त्याचा रोख मी समजतो. १९१२ मध्ये दोन्ही देशांनी करार करून त्या शिफारशी नियम म्हणून स्वीकारल्या.

त्याच भिन्नमतात त्याने आणखी एक गोष्ट मांडली. काही मोठे उपसागर असे असतात की त्यांच्यावर एखाद्या देशाने पूर्वापार हक्क सांगितलेला असतो आणि इतरांनी तो मानलेला असतो. त्यांना मैलांचं माप लावू नये. उदाहरणं देताना त्याने उत्तर अमेरिकेतल्या चेसापीक आणि डेलावेअरच्या जोडीला ला प्लाताचं विशाल नदीमुख घेतलं. आता ब्वेनोस आयरेस हे त्याचं गाव त्याच ला प्लाताच्या काठी आहे. हॉलंडमध्ये बसून, कॅनडाच्या माशांचा निवाडा करताना, पठ्ठ्याने आपल्या दारातलं पाणी हळूच नोंदवून घेतलं. मला हे वाचून हसू आलं, आणि तो थोडा जास्त आवडला. ऐतिहासिक उपसागर ही ती कल्पना १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही जागा मिळवून आहे.

१९२० मध्ये राष्ट्रसंघाने कायमचं आंतरराष्ट्रीय न्यायालय उभारण्यासाठी मोजक्या कायदेपंडितांची समिती नेमली. द्रागोला बोलावणं होतं, रूट यांनाही. रूट गेले, द्रागो जाऊ शकला नाही. ९ जून १९२१ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये तो वारला. त्या शहरातल्या लोकल गाड्यांच्या एका मार्गावर त्याच्या नावाचं स्टेशन आहे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण एक शेपूट आहे, आणि भाचीला तेच सर्वांत आवडलं. २००१ मध्ये अर्जेंटिनाने पुन्हा हप्ते थांबवले. बहुतेक रोखेधारकांनी तडजोड केली, काहींनी नाही. न मानणाऱ्यांतल्या एनएमएल कॅपिटल या फंडाने ऑक्टोबर २०१२ मध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं लिबर्ताद हे शिडांचं प्रशिक्षण जहाज कोर्टाच्या हुकुमाने अडकवलं. १९०२ मध्ये धनकोंची जहाजं कर्जदाराच्या बंदरात आली होती; या वेळी कर्जदाराचं जहाज परक्या बंदरात गेलं आणि धनकोने कोर्टाचा बेलिफ पाठवला. जे करता येत नाही असं द्रागोने लिहिलं होतं, नेमकं तेच. अर्जेंटिना हँबुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे गेला. १५ डिसेंबर २०१२ रोजी न्यायाधिकरणाने युद्धनौकेला असं अडकवता येत नाही म्हणून जहाज सोडायचा आदेश दिला. द्रागोच्या टिपणाला त्या महिन्यात एकशे दहा वर्षं झाली. जानेवारीत जहाज मार देल प्लाताला परत आलं.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाचीने विचारलं, मामा, त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं?

ते मी तिला सांगितलं, तेव्हा इथेही सांगितलं पाहिजे. १९९० मध्ये केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ. २ ऑक्टोबर १९८९ रोजी जे थकलेले होते त्यांना. आमच्या शाखेतली यादी तयार करायचं काम माझ्याकडे होतं. रात्री उशिरापर्यंत बसून मी खतावणीचं पान न् पान उलटलं. त्याचं पान आलं तेव्हा त्यावर १९८७ च्या मार्चमधली जमा होती आणि खाली शिल्लक शून्य. मी पुढचं पान उलटलं.